बँजोची घोडी

बनीपार्क, जयपूर
१४ मार्च १९६३

सुमन,

तुझं पत्र सोमवारी आलं. आप्पा गेल्यानंतरचं पहिलंच, म्हणजे दोन वर्षांनी. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि कणीक मळायची तशीच ठेवून उभ्याउभ्या वाचलं. सुरुवातीला माझी चौकशी, शेवटी यांची, आणि मधलं सगळं पान बँजोचं.

तुमच्या नागपुरात बायकांचा वाद्यवृंद निघालाय, तो चालवणाऱ्या रत्नप्रभाबाईंना बँजो वाजवणारी हवी आहे, आणि जूनच्या पहिल्या रविवारी त्या तुला ऐकणार आहेत. वाचून आनंद झाला असं लिहायला हवं. तर लिहिते, आनंद झाला.

पण बँजो पाठवण्यासारखा राहिलेला नाही. त्याचं चामडं तडकलंय. इथला उन्हाळा तुला ठाऊक आहे. आप्पांची जयपूरच्या तारखात्यात बदली झाली आणि त्यांनी तो रेल्वे कॉलनीतल्या त्या अँग्लो-इंडियन बँडवाल्याकडून घेतला, तेव्हाच तो जुना होता. आता भिंतीवर आहे, आप्पांच्या फोटोशेजारी. तिथे बरा दिसतो.

आणखी एक. चोपन्न सालच्या गणपतीत जे झालं, त्यानंतर तूच तो पेटीत घातलास आणि मला म्हणालीस, "ताई, हा माझ्यासमोर आणू नकोस." मी आणला नाही. पुढच्या वर्षी तू लग्न होऊन गेलीस, तेव्हाही विषय काढला नाही. नऊ वर्षांनी तुला त्याची आठवण झाली. नागपुरात चांगली दुकानं असतील. उमाकांतरावांना सांग, नवा घेऊन देतील.

इकडे गणगौरीची गडबड सुरू झाली आहे. तब्येतीला जप.

मधुमती


बनीपार्क, जयपूर
२ एप्रिल १९६३

सुमन,

तुझं दुसरं पत्र मिळालं. नवा नको, आप्पांचाच हवा, चामडं तडकलं असेल तर बदलून घे, असं तू लिहिलंस. म्हणून काल मी तो घेऊन चांदपोलला नसीरभाईंकडे गेले. ते तबले मढवतात. बँजोची चामडीही तेच बसवतात. नसीरभाईंच्या तोंडून 'हे वाद्य आता गेलं' असं ऐकायला मिळालं असतं, तर तुला तसं कळवताना बरं पडलं असतं.

त्यांनी गवसणी काढली, चामड्यावर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, "बहनजी, चमड़ा तो एकदम बढ़िया है. दो साल पहले मैंने ही तो चढ़ाया था."

मी म्हटलं, कुठे बारीक चीर असेल, नीट बघा.

त्यांनी बँजो उजेडाकडे धरला. तारांखाली पितळी पडदे आहेत ना, त्यांच्यावरून नख फिरवलं. जिथे तार दाबली जाते तिथे खाचा पडल्या होत्या, आणि त्या चकचकीत होत्या. नसीरभाई हसले. "ये तो रोज़ बजता है, बहनजी. दीवार पर टँगे बाजे का परदा ऐसे नहीं घिसता."

तर चामडं तडकलेलं नाही. आणि तो रोज वाजतो. मीच वाजवते, हे ऑफिसात गेल्यावर, अकरा ते बारा. वाईट वाजवते. बोटं आखूड आहेत. आप्पा म्हणायचे ते खोटं नव्हतं.

विषय निघालाच आहे तर सांगते. आप्पा शेवटच्या आजारात आमच्याकडे होते तेव्हा एका दुपारी त्यांनी बँजो मागितला. मी तारा लावल्या आणि त्यांच्या खाटेजवळ बसून एक अख्खं नाट्यपद वाजवलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर. ते डोळे मिटून पडले होते. संपल्यावर म्हणाले, "तारा छान लागल्यात, मधू." वाजवण्याबद्दल काही बोलले नाहीत. मग विचारलं, सुमनचं काही पत्र आलं का.

बँजो पाठवते. छावणीतले हवालदार संभाजी कदम आमच्याकडे येतात. ते याच महिन्यात सुटीवर निघतात आणि नागपुरावरून पुढे अमरावतीला जातात. पार्सलानं पाठवण्यापेक्षा त्यांच्या हाती बरा.

मधुमती


बनीपार्क, जयपूर
२० एप्रिल १९६३

प्रिय सुमन,

हे पत्र बँजोबरोबरच देते आहे. संभाजी बाहेर चहा घेत बसलेत आणि मी आत गवसणी बांधते आहे.

प्रवासात ताण नको म्हणून तारा सैल केल्या आहेत. तारा सैल झाल्या की घोडी उभी राहत नाही, म्हणून ती काढून कापडात गुंडाळून वेगळी ठेवली आहे. आपली ती लाकडी घोडी, चामड्यावर उभी राहते आणि तारा जिच्यावरून जातात ती. ती चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबानं उभी असते, हे तुला आठवत असेल. तिची जागा मी चामड्यावर पेन्सिलनं आखून दिली आहे. बरोबर त्या रेघेवर ठेव, मग तारा चढव. रेघेवरून तिला हलवू नकोस. नेमकी जागा सापडायला मला दर वेळी अर्धा तास लागतो. तुझा तेवढा वेळ वाचला.

भरपूर वाजव. तुझ्या हाताला आठवेल सगळं. रत्नप्रभाबाईंना माझा नमस्कार सांग. उमाकांतरावांना गुळपापडी पाठवली आहे.

तुझी,
ताई


बनीपार्क, जयपूर
१० मे १९६३

प्रिय सुमन,

तुझं पत्र परवा आलं. मोकळ्या तारा सुरात लागतात, पण बोटं वरच्या पडद्यांकडे जायला लागली की स्वर चढे येतात, जितकं वर जावं तितके जास्त चढे, असं तू लिहिलंस. आणि शेवटी लिहिलंस, "ताई, माझा कानच गेला असावा. आप्पा म्हणाले होते तेच खरं. रत्नप्रभाबाईंना नाही म्हणून कळवते."

उन्हाचं असेल. नागपूरचं ऊन इथल्यापेक्षा काही कमी नाही. उन्हानं चामडं ताणलं की वाद्य असं वागतं. तारा जुन्या असतील, त्या बदलून बघ. तू जोरात दाबत असशील, त्यानंही स्वर चढतो. नऊ वर्षांत सवय मोडते, त्यात तुझा दोष नाही. नाही कळवायचं ठरवलंस तर जरा आधी कळव, म्हणजे त्यांना दुसरी कोणी शोधता येईल.

इथे दोन दिवस आंधी चालू आहे. झालान्याचे डोंगर दिसेनासे झालेत आणि घरातली भांडी कितीदा पुसली तरी वाळू निघतेच.

कालच यांनी विचारलं, "सुमनचं कसं चाललंय वाजवणं?" मी म्हटलं, नाही जमत आहे तिला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू हे हसून का सांगतेस?"

मी हसले होते, हे मला कळलंही नव्हतं.

मधुमती


बनीपार्क, जयपूर
१६ मे १९६३

सुमन,

आधीचं पत्र फाडून टाक. रत्नप्रभाबाईंना काही कळवलं नसशील तर कळवू नकोस. कळवलं असेल तर आज त्यांच्याकडे जा आणि सांग की येते म्हणून.

तुझा कान गेलेला नाही. मी आखलेली रेघ चुकीची आहे. मुद्दाम चुकीची.

संभाजी बाहेर चहा पीत होते तेव्हा मी पहिल्यांदा बरोबर जागी रेघ मारली. मग खोडरबरानं पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी पुढे, पडद्यांच्या बाजूला, दुसरी मारली. चामडं तिरपं करून बघितलंस तर पुसल्याची खूण दिसेल. घोडी पुढे आली की तारेची वाजती लांबी कमी होते. मोकळी तार तू पिळून सुरात आणतेस, त्यामुळे काही कळत नाही. पण पडद्यांची अंतरं जुन्या लांबीच्या हिशेबानं बसवलेली आहेत, ती काही बदलत नाहीत. म्हणून वर जावं तसा स्वर चढत जातो. तुझ्या कानानं हे नेमकं पकडलं. कान नसलेल्या माणसाला हे ऐकूच आलं नसतं.

हे मला इतकं व्यवस्थित कसं सांगता येतं, असं तुला वाटेल. कारण हे मी पहिल्यांदा केलेलं नाही.

चोपन्न सालच्या गणपतीतही मीच घोडी सरकवली होती.

आता सगळं लिहिते, नाहीतर पुन्हा लपवीन. तुला ते दिवस आठवतात का? संध्याकाळी चहा झाला की आप्पा हाक मारायचे, "मधू, बघ गं जरा." मी पेटी उघडायची, तारा लावायची, घोडी बघायची. झालं की आप्पा माझ्या मांडीवरून बँजो उचलायचे आणि तुझ्या मांडीवर ठेवायचे. मग डोळे मिटून बसायचे. उचलताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ते वाईट नव्हते, सुमन. त्यांच्या लक्षातच यायचं नाही. तू एकोणीसची, मी चोवीसची, आणि मी दारात उभी राहून तू काय वाजवतेस ते ऐकायची. तू चांगली वाजवायचीस. वाईट वाजवली असतीस तर मी तुझ्यावर खूप माया केली असती.

कार्यक्रमाच्या दिवशी आप्पांनी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. त्यांच्या साहेबांच्या बायकोनं विचारलं, "धाकटी वाजवणार, मग थोरली काय करते?" आप्पा म्हणाले, "ती तारा लावते." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, आपलं सहज. मी पण हसले. मग पडद्यामागे जाऊन तारा लावल्या आणि घोडी दाण्याएवढी पुढे केली.

बाकी तुला माहीत आहे. दुसऱ्या कडव्यात तू वर गेलीस आणि सगळं बिघडलं. पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं, मुलं खिदळली, आप्पा उठून बाहेर गेले. घरी आल्यावर ते म्हणाले, "पोरीला कानच नाही. हातानं फसवलं मला इतके दिवस." तेव्हा मी त्यांना चहा देत होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी कप खाली ठेवला आणि आत गेले. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही लिहून टाकते.

मला वाटलं होतं, आता ते मला वाजवायला सांगतील. त्यांनी पेटीच उघडली नाही.

तू नऊ वर्षं स्वतःला बिनकानाची समजत राहिलीस. ते तुझ्या मागच्या पत्रात वाचून मला समाधान वाटलं, आणि त्याच पत्राला मी तसलं उत्तर पाठवलं. यांनी हसण्याचं विचारलं नसतं तर कदाचित हे पत्र लिहिलंही नसतं. काल यांना सगळं सांगितलं. ते चपला घालून बाहेर पडले. बाजारातून पाकीट घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं.

आता घोडीचं ऐक. आप्पांनी हे फक्त मला शिकवलं होतं.

माझी रेघ ओल्या फडक्यानं न भिजवता, रबरानं पुसून टाक. तिच्यावर विसंबू नकोस, पुसलेल्या खुणेवरही नको. नागपूरच्या हवेत चामडं वेगळं ताणलं असेल.

सकाळी बस, ऊन चढायच्या आत. नवीन तारा घाल. जुनी तार ठिकठिकाणी झिजलेली असते, तिच्याशी कितीही झगडलीस तरी ती खरं बोलत नाही. आधी चामडं धरून ठेवणाऱ्या कड्याभोवतीचे स्क्रू थोडे थोडे फिरवून चामडं सगळीकडे सारखं ताणून घे. टिचकी मारली की सगळीकडून एकच आवाज यायला हवा. चामडं बसलं नाही तर घोडीची जागाही टिकत नाही.

मग पहिली तार सुरात आण. बारावा पडदा मोज. त्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकव, दाबू नकोस, आणि छेडून लगेच बोट उचल. घंटेसारखा बारीक स्वर येईल. तो लक्षात ठेव. आता त्याच पडद्यावर तार नीट दाबून छेड. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा आला तर तार आखूड आहे, घोडी मागे घे, पडद्यांपासून लांब. उतरा आला तर पुढे आण. सरकवताना तार जरा सैल कर आणि घोडीचे पाय दोन्ही हातांच्या चिमटीत धर, नाहीतर ती कलंडते. केसाएवढीच सरकव. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात आणून मगच बघ, कारण घोडी हलली की मोकळी तारही बदलते.

पहिली जमली की चौथी बघ. ती जाड आहे, तिला किंचित जास्त लांबी लागते. म्हणून घोडी सरळ उभी नसते, जाड तारेकडचं टोक थोडं मागे कलतं. मधल्या दोन आपोआप जवळ येतात.

पहिल्या दिवशी तुला राग येईल. मला यायचा. तिसऱ्या दिवशी कान आपण होऊन सांगायला लागतो.

हे आलं की तुला माझी गरज उरत नाही. आप्पा मला हाक मारायचे ती एवढ्यासाठीच, म्हणून मी ते कधी तुला दाखवलं नाही. तू विचारलं होतंस, आठवतं का? मी म्हटलं होतं, तुला नाही कळायचं.

दोन तारखेला अजून सतरा दिवस आहेत.

मधुमती


बनीपार्क, जयपूर
३० जून १९६३

सुमन,

उत्तर नाही, ते बरोबरच आहे. मागत नाही.

संभाजी सुटीवरून परत आले. येताना तुमच्याकडे उतरले होते म्हणाले. मी विचारलं, काही निरोप? ते म्हणाले, "निरोप नाही दिला बाईंनी. चहा दिला. मी बसलो होतो तोवर आतून एकच सूर परत परत येत होता. एकदा टिंग, एकदा टण. टिंग, टण. उमाकांतसाहेब म्हणाले, महिना झाला, हेच चाललंय घरात."

मी संभाजींना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यांना वाटलं असेल, बाई खुळी झाली.

मधुमती


बनीपार्क, जयपूर
१२ डिसेंबर १९६३

सुमन,

जुलैत तुझं पोस्टकार्ड आलं होतं. "निवड झाली. घोडी लागली." खाली सही. त्यात 'ताई' नव्हतं. ते मी जपून ठेवलंय. त्यानंतर मी लिहिलं नाही, कारण तू लिही म्हटलं नव्हतंस. आज लिहिते आहे, कारण तुला माहीत नसलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे आणि मला पुन्हा काही लपवायचं नाही.

रविवारी दिल्लीत मी होते.

जवानांच्या मदतीसाठी नागपूरच्या महिलांचा वाद्यवृंद दिल्लीच्या मराठी मंडळींसमोर वाजवणार, असं इथल्या मंडळात कोणीतरी सांगितलं. मी यांना म्हटलं, मला जायचंय. त्यांनी रजा टाकली. आम्ही सातव्या रांगेत बसलो, खांबाच्या आडोशाला. तू मोतिया रंगाची साडी नेसली होतीस. कानाजवळचे केस पांढरे झालेत तुझे, मला कोणी सांगितलं नव्हतं.

तू चांगली वाजवलीस. तेव्हापेक्षा कितीतरी चांगली. पहिली दोन गाणी मी ऐकलीच नाहीत, नुसती चूक शोधत होते. वर गेलीस की मी स्वर चढण्याची वाट बघायची, आणि स्वर बरोबर आला की आत काहीतरी खचायचं. हे तेहतीस वर्षांची, घरसंसार असलेली बाई करत होती.

तिसऱ्या गाण्यानंतर दिव्यांच्या उष्णतेनं चामडं ताणलं. तुझा बँजो किंचित वर गेला. अख्ख्या सभागृहात ते आपल्या दोघींनाच कळलं असेल. मी जागेवर पुढे सरकले. तोवर तू मान वळवून, कान तारांशी नेऊन, बाराव्या पडद्यावर बोट टेकवलं होतंस. निवेदन चालू होतं. तू चिमटीत घोडी धरलीस, केसाएवढी हलवलीस, पुन्हा ऐकलंस आणि समोर बघितलंस. माझे दोन्ही हात मांडीवर चिमटी धरून बसले होते. यांनी ते बघितलं आणि आपला हात त्यावर ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर मी आत यायला निघाले. रंगमंचामागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तुझ्याजवळ उभ्या होत्या त्या रत्नप्रभाबाई असाव्यात, उंच, चष्म्याच्या. दिल्लीच्या कोणी बाईंनी तुला विचारलं, "रंगमंचावर इतक्या झटकन वाद्य लावायला कोणाकडून शिकलात?"

तू गवसणीची नाडी बांधत होतीस. म्हणालीस, "आमच्या आप्पांकडून."

मी दारातूनच मागे फिरले. हे बाहेर टांगा थांबवून उभे होते. आम्ही टांग्यात बसलो.

गाडीत सगळ्या वाटेनं मी जळत होते. दुसरा शब्दच नाही. घोडी, बारावा पडदा, जाड तारेचं मागे कललेलं टोक, सगळं माझ्या पत्रातलं, आणि नाव आप्पांचं. ज्यांनी तुला बिनकानाची म्हटलं त्यांचं. बांदीकुईला गाडी बदलायची होती. तिथे चहा पिताना मी यांना म्हटलं, तिनं माझं नाव घेतलं नाही. हे म्हणाले, "तिनं काय सांगायचं होतं त्या बाईला? बहिणीनं दोनदा बिघडवला आणि मग पत्रातून शिकवला, असं?"

मी कप परत दिला. तू मला टाळलंस की झाकलंस, हे मला त्या दिवसापासून ठरवता येत नाही. सकाळी वाटतं टाळलंस. स्वयंपाक होईपर्यंत वाटतं, माझं नाव घेतलं असतंस तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून तू आप्पांना पुढे केलंस. दोन्हीपैकी जे असेल त्याबद्दल मी तक्रार करणार नाही.

बँजो तुझाच. परत मागणार नाही. अकरा ते बारा मी आता रिकामी असते. नसीरभाईंकडे एक जुनं मँडोलिन आलंय, त्याचे पडदे बघायला या म्हणाले आहेत.

लोकांना आप्पांचं नाव सांगत जा. सगळीकडे तेच सांग. फक्त मला एक पोस्टकार्ड पाठव आणि त्यावर लिही की घोडी लावायला तुला ताईनं शिकवलं. एवढं एकच वाक्य. मी ते कोणाला दाखवणार नाही.

मधुमती